पट्टीवरचे चाळीस चेंडू

“घाई झाली का सुधाकरचा चेंडू डावीकडंच पळते.”

हे देशमुख साहेब आमच्या दुकानाच्या मालकांच्या, इक्बालभाईंच्या, कानात बोलले, असा त्यांचा समज होता. पाटबंधारे खात्यात असताना धरणाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकावरच्या माणसाला हाक मारायची त्यांना सवय. त्यांची कुजबुज पंधरा पावलांवर वही घेऊन उभ्या असलेल्या मला सहज ऐकू आली. सुधाकरभाऊंनाही आली असावी. त्यांनी घेतलेला पवित्रा मोडला, तळहात पँटला पुसले आणि पुन्हा चेंडूशी उभे राहिले. तो चेंडू सरळ गेला. तरीही मी वहीत एक शब्द लिहून ठेवला : डावीकडे.

काम काय होतं ते आधी सांगते, कारण ऐकल्यावर लोक हसतात आणि मग पुढचं नीट ऐकत नाहीत. मी अमरावतीत गोल्फचे क्लब निवडून द्यायचे. क्लब म्हणजे ती काठी, जिने चेंडू मारतात. सात वर्षं मी हे केलं. आमचं दुकान तसं साधं होतं : बॅटी, कॅरम, शाळांच्या ढाली, पहिलवानांचे लंगोट. मागच्या कोपऱ्यात, इक्बालभाईंच्या वडिलांच्या काळापासून, गोल्फचं सामान. कुण्या जुन्या साहेबाचा मोडलेला क्लब त्यांनी जोडून दिला होता, आणि तेव्हापासून ज्याचा क्लब मोडेल तो आमच्याकडे यायचा. मला नोकरी मिळाली ती इंग्रजीमुळे. कॅटलॉग वाचायचे, दिल्लीच्या घाऊक व्यापाऱ्यांशी फोनवर बोलायचं, साहेब लोक आले की त्यांना माप विचारायचं. फोनवर मी बरी बोलते. समोर माणूस असला की माझा आवाज अर्ध्यात राहतो. इक्बालभाईंनी हे पहिल्याच दिवशी ओळखलं आणि म्हणाले, “कोई बात नहीं बेटा, वही में लिख.” तेव्हापासून माझ्या हातात वही.

मी अकोल्याची. रोज सकाळच्या गाडीने मूर्तिजापूरवरून बडनेऱ्याला यायचं, तिथून ऑटोने अमरावती, संध्याकाळी तसंच परत. डब्यात नोकरी करणाऱ्या बायका असत. त्या वर्षांत त्यांच्या बोलण्यात एखाद्या गावाचं नाव यायचं आणि मग सगळ्या जणी क्षणभर गप्प व्हायच्या. कोणत्या गावात कर्जापायी कोणत्या शेतकऱ्याने काय केलं ते फोडून सांगावं लागत नसे. मला कोणी विचारलं तर मी “दुकानात असते” एवढंच सांगायचे. कशाचं दुकान, यावर खिडकीबाहेर बघायचे. अशा दिवसांत आपण साहेबांना गोल्फचे क्लब निवडून देतो, हे त्या डब्यात सांगायची माझी हिंमत नव्हती. सात वर्षांत एकदाही झाली नाही.

मैदान चांदूर बाजारच्या रस्त्यावर होतं. जुनी सरकारी जमीन, आठ होल, म्हणजे चेंडू घालायची आठ भोकं. नवव्याच्या जागी विहीर खणली गेली, म्हणून पहिलाच होल शेवटी पुन्हा खेळायचा. हिरवळ नव्हतीच. जिथे चेंडू हळू ढकलून भोकात घालायचा, तिथे इतर ठिकाणी कापलेलं गवत असतं. आमच्याकडे वाळूत इंजिनचं जळकं तेल मिसळून केलेली गोल चकती असायची. त्याला ब्राउन म्हणायचे. हे ब्राउन सुधाकर तायडे करायचे, रोज पहाटे, पोत्याने ओढून. बाकीची जमीन म्हणजे काळी माती. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडत की चेंडू आत गेला तर हात घालायची कोणाची तयारी नसे. म्हणून तिथली एक रीत होती. प्रत्येक जण हातभर लांबीची हिरव्या चटईची पट्टी पिशवीला बांधून हिंडायचा. चेंडू जिथे पडेल तिथे पट्टी अंथरायची, चेंडू तिच्यावर ठेवायचा, मारायचा, पट्टी उचलून पुढे चालायचं. नव्या माणसाला दोन दिवस त्याचं नवल वाटायचं. तिसऱ्या दिवसापासून त्याला ती दिसेनाशी व्हायची.

आता हायब्रीडबद्दल. गोल्फच्या पिशवीत मुख्यतः दोन जातींचे क्लब असतात : फुगीर डोक्याचे, लांब पल्ल्याचे वुड, आणि पातळ पात्याचे आयर्न. लांब पल्ल्याच्या आयर्नने चेंडू उंच उचलणं भल्याभल्यांना जमत नाही. म्हणून दोन्हींच्या मधला एक क्लब निघाला, तो हायब्रीड. हा शब्द आमच्या भागात काढला की समोरचा ज्वारीवर किंवा सरकीवर विनोद करतो. ते ऐकून कंटाळल्यामुळे दुकानात आम्ही त्याला नुसतं ‘मधला’ म्हणायचो.

नवशिक्याला मधला देणं सोपं असतं. मोठं डोकं, आणि चेंडूला लागणारी बाजू, म्हणजे तोंड, जरा आत वळलेलं. त्याचा चेंडू बहुधा उजवीकडे भरकटत असतो, तो थोडा डावीकडे ओढला जातो, उंचही जातो, गिऱ्हाईक खूश. घोळ होतो तो चांगल्या खेळाडूच्या वेळी. त्याच्या हातांत वेग आधीच असतो. नवशिक्याला सावरणारा क्लब त्याच्या हातात दिला की चेंडू डावीकडे वळतो आणि वळतच जातो. चांगले खेळाडू मधल्याला घाबरतात ते यामुळे. त्यांच्यासाठी शोधायचा तो असा क्लब, जो उंची देईल पण आपल्या मनाने वळणार नाही.

हे मला अकोल्याच्या एका डॉक्टरबाईंनी शिकवलं. सैन्यातून निवृत्त होऊन गावी परतलेल्या, दर गुरुवारी स्वतः जीप चालवत अमरावतीला येणाऱ्या. आमच्याकडे येणाऱ्या शंभरातला एखादा खरा खेळाडू असायचा. त्या तशा होत्या. पहिल्या भेटीत मी त्यांना कॅटलॉगातला प्रश्न विचारला, तुमचा चेंडू किती लांब जातो. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

“बाळ, चांगल्या खेळाडूला त्याचा चांगला फटका विचारू नये. तो खोटं सांगतो. वाईट फटका कुठे जातो ते विचार. आणि तेही त्याला नको, बरोबर खेळणाऱ्याला.”

मग त्यांनी सगळं समजावून दिलं. आधी बघायचं, कोणता क्लब पिशवीतून काढून त्याच्या जागी हा बसवायचा. वरच्या आणि खालच्या क्लबच्या अंतरांमध्ये तो नेमका पडला पाहिजे, नाही तर दोन क्लब एकच काम करतात. दांड्याचं वजन त्याच्या आयर्नच्या दांड्याजवळचं हवं, हलका दांडा दिला की हात पुढे पळतात. क्लब जमिनीवर ठेवून त्याला वरून बघायला लावायचं. तोंड डावीकडे बघतंय असं त्याच्या डोळ्यांना वाटलं तर तो क्लब कितीही चांगला असो, परत ठेवायचा. आणि तळ. “तळाकडे सगळे शेवटी बघतात,” त्या म्हणाल्या, “आणि जमीन मात्र आधी त्यालाच लागते.” हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. उतरवून घेतलं म्हणजे समजलं, असं मला त्या वयात वाटायचं.

त्या वर्षांत आमच्याकडे दिल्ली-मुंबईहून पथकं यायची. कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी पॅकेज जाहीर व्हायचं, मग ते पोचलं का ते बघायला माणसं यायची, मग ती माणसं काय म्हणाली ते तपासायला आणखी माणसं. त्यांतले काही सकाळी सातला मैदानावर असत. असे एक साहेब मला आठवतात. त्यांना सगळ्यात लांब जाणारा मधला हवा होता. मी अडखळत सांगितलं की हा तुमच्या हातात डावीकडे वळेल. ते हसले आणि तोच घेतला. मग सहज विचारलं की त्यांना बार्शीटाकळीच्या बाजूचं एखादं गाव बघायचं आहे, पण जेवणाच्या वेळेपर्यंत परत येता येईल असा रस्ता हवा. मला रस्ते माहीत होते. मी गावाचं नाव सांगितलं. ते त्यांनी लिहून घेतलं, मला थँक यू म्हणाले. त्या दिवशी परतीच्या गाडीत मला एका जागी बसवेना. त्यांना दुसरं, आत असलेलं, गाडीतून उतरून चालत जावं लागणारं गाव मी सांगू शकले असते. विचारलं तेवढंच सांगून मी मोकळी झाले होते.

पुढे एका वर्तमानपत्रात फोटो आला. पुढे क्लब उगारलेले एक साहेब, मागे कुंपणापलीकडून कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या मोळ्या डोक्यावर घेऊन चाललेल्या बाया. फोटोखाली फार काही लिहायची गरज नव्हती. दोन आठवड्यांत हुकूम निघाला की महिनाअखेर मैदान बंद. मला तो हुकूम पटला. फोटो बघून मला स्वतःची लाज वाटली होती. आणि त्याच हुकमाने सुधाकरभाऊंचं काम गेलं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, आणि त्या दिवसांत मी दुकानात नुसती येरझाऱ्या घालायचे. इक्बालभाई म्हणायचे, “बैठ बेटा, फरशी घिसेगी.”

सुधाकरभाऊ तेव्हा पस्तिशीचे असतील. दोन मुली, बायको शाळेत खिचडी शिजवायला जायची. शेजारच्या वस्तीतले म्हणून ते लहानपणी साहेबांच्या पिशव्या उचलायला मैदानावर आले आणि तिथेच राहिले. साहेब लोक गेल्यावर टाकून दिलेल्या क्लबांनी खेळून खेळून ते त्या मैदानावरच्या सगळ्यांपेक्षा चांगले खेळू लागले. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी मोठ्याने म्हणत नसे, देशमुख साहेब सोडून. ते म्हणायचे, “आमी पैसे देऊन खेळून राहिलो, तो खेळून पैसे कमवू शकते. एवढाच फरक.”

नागपूरला कोच होण्यासाठी परीक्षा असते. एका दिवसात दोन फेऱ्या, ठरावीक फटक्यांच्या आत. पास झालं की कुठल्याही मैदानावर शिकवता येतं. सुधाकरभाऊ एकदा जाऊन दोन फटक्यांनी नापास झाले होते. मैदान बंद होण्याच्या दुसऱ्या दिवशी पुढची परीक्षा होती. ती गेली तर त्यानंतर हातात ना मैदान, ना सराव, ना काम. देशमुख साहेबांनीच पुढाकार घेतला, मेंबरांना गोळा केलं आणि सुधाकरभाऊंना एक मधला भेट द्यायचं ठरवलं.

का मधलाच, ते सांगते. त्यांच्याकडे लांब पल्ल्यासाठी जुनं दोन नंबरचं आयर्न होतं. त्याने चेंडू खालून, सरपटत जायचा. आमच्या मैदानावर ते चालून जायचं. चेंडू अलीकडे टाकायचा आणि घरंगळत ब्राउनवर जाऊ द्यायचा. नागपूरला खरी हिरवळ. तिथे तसा आलेला चेंडू थांबत नाही, पलीकडे निघून जातो. गेल्या खेपेचे ते दोन फटके असेच गेले होते. त्यांना उंचावरून पडून जागीच बसणारा चेंडू हवा होता.

मी नागपूरहून दोन क्लब मागवले. दोन्ही चांगल्या खेळाडूचे, दोन्ही डावीकडे न ओढणारे, दांडे मी सांगितले तसे. फरक फक्त तळाचा. एकाचा तळ रुंद आणि सपाट, दुसऱ्याचा अरुंद, गोलसर, डोकंही लहान. दोघांच्या तळाला मी पांढरी चिकटपट्टी लावली. मारताना तळ कुठे घासतो ते तिच्यावर उमटतं. मग सुधाकरभाऊंनी दोन्ही क्लबांनी आलटूनपालटून प्रत्येकी वीस चेंडू मारले. आमच्या रीतीप्रमाणे, पट्टी अंथरून. प्रत्येक चेंडूपर्यंत मी चालत गेले, पावलांनी अंतर मोजलं आणि लिहिलं.

रुंद तळाचे सतरा चेंडू हव्या त्या जागी पडले. अरुंद तळाचे बारा. क्लब मागवण्याआधी ऐकलेली देशमुख साहेबांची ती कुजबुज मी विसरले नव्हते; डावीकडे दोघांचाही एकही गेला नाही. सुधाकरभाऊ अरुंद तळाचा क्लब हातात फिरवत राहिले.

“ताई, हातात हा मस्त बसते,” ते म्हणाले. “पण चेंडू त्याचा चांगला जाते, हे बी खरं.”

त्यांच्या हातांनी एक सांगितलं, माझ्या वहीने दुसरं. मी वही पुढे केली. त्यांनी मान हलवली. इंग्रजी शिकलेल्या पोरीने आकडे लिहून दाखवल्यावर माणूस दुसरं काय करणार.

“मंग तो दुसरा मले दे,” देशमुख साहेब म्हणाले. “दिसाले कसा नाजूक आहे.”

देशमुख साहेबांचा चेंडू सात वर्षांत कधी डोक्याच्या वर गेलेला मी पाहिला नव्हता, आणि उजवीकडच्या बाभळी सोडून कुठे गेलेलाही नाही. त्या लहान डोक्याच्या क्लबने त्यांचे हाल होणार होते. इक्बालभाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा नियम मला ठाऊक होता : सलाह मांगी तो देना, नहीं मांगी तो माल देना. मी खाली वाकून चेंडू गोळा करायला लागले. दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्या क्लबला लाल मूठ बसवून घेतली.

परीक्षा सोमवारी होती. सुधाकरभाऊ रविवारी दुपारी बाराच्या गाडीने निघणार होते. शनिवारी संध्याकाळी मी अकोल्याच्या गाडीत बसले. मूर्तिजापूरला गाडी क्रॉसिंगसाठी थांबली. करायला काही नव्हतं म्हणून मी वही काढली. तळाच्या चिकटपट्ट्या काढून वहीत डकवून ठेवायची माझी सवय. त्या दोन समोरासमोर होत्या. अरुंद तळाच्या चिकटपट्टीवर पुढच्या कडेला बोटाच्या पेराएवढी खूण. रुंद तळाच्या चिकटपट्टीवर मागून पुढपर्यंत लांब हिरवा ओघळ, आणि डिंकात अडकलेले चटईचे बारीक हिरवे धागे.

मी दोन्ही खुणांवरून बोट फिरवलं. मग लक्षात आलं.

रुंद तळाचा क्लब प्रत्येक वेळी चेंडूच्या मागे आधी चटईवर आपटत होता, तिच्यावरून घसरत होता आणि मग चेंडूला लागत होता. चटई घसरू देते. माती घसरू देत नाही. शिवाय चटईमुळे चेंडू जमिनीपासून अर्धा बोट वर होता. नागपूरला पट्टी नसणार. तिथे चेंडू जमिनीवरून मारायचा. तोच रुंद तळ कडक जमिनीवर आपटून उसळेल आणि चेंडूच्या पोटात बसेल. चाळीस चेंडू मारले गेले, जाणती माणसं उभी राहून बघत होती, मी प्रत्येक चेंडूमागे चालत गेले, आणि पट्टी बाजूला करून एक तरी मारून बघू, हे एकाच्याही मनात आलं नाही.

मी उठून दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. समोरच्या बाईने विचारलं, मूर्तिजापूरलाच उतरायचं का. मी नाही म्हटलं आणि उभीच राहिले.

घरी पोचल्याबरोबर इक्बालभाईंना फोन केला. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. चूक त्यांच्याही लक्षात आली. माझ्या आधी त्यांच्या यायला हवी होती, असंही ते म्हणाले. पण दुसरा क्लब देशमुख साहेबांकडे होता आणि नागपूरचा व्यापारी रविवारी बंद, त्यामुळे परीक्षेआधी नवा मिळणार नव्हता.

“बेटा, विकलेली चीज गिऱ्हाईकाच्या हातून परत नाही मागत आपण. माझ्या बापाने नाही मागितली. आणि देशमुख साहेबांना सांगायचं काय? की तुम्हाला हा चालवता येत नाही?”

सुधाकरभाऊंकडे फोन नव्हता.

रविवारी मी कधी अमरावतीला गेले नव्हते. पहिल्या गाडीने गेले. मैदानावर शेवटचा खेळ होता म्हणून सगळे मेंबर जमले होते. चहा चालला होता, फोटो काढणं चाललं होतं. सुधाकरभाऊ इस्त्रीच्या पँटमध्ये होते, पिशवी बांधून तयार. तरीही पहाटे येऊन त्यांनी आठही ब्राउन ओढून ठेवले होते. उद्यापासून त्यांच्यावर कोणी पाय ठेवणार नव्हतं.

मी त्यांना सामानाच्या खोलीमागे घेऊन गेले आणि म्हटलं, पट्टीशिवाय मारा. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. कारण विचारलं नाही. पहिला चेंडू पोटात लागून उंदरासारखा पळाला. दुसऱ्याच्या आधी माती उडाली, चेंडू पन्नास पावलांवर पडला. तिसरा चांगला गेला. चौथा पुन्हा पळाला. त्यांनी क्लब उलटा करून तळ पाहिला, अंगठ्याने माती पुसली.

“या साऱ्या पट्ट्या मीच कापून देल्या यायले,” ते म्हणाले. “अन् मलेच याद नाई राह्यली.”

मी म्हटलं की दुसरा क्लब मागून घेऊ.

“साहेबाच्या हातातलं? कसं मागू ताई? त्यायनंच तर हा घेऊन देला. तुमी बी मागू नका. राहू द्या, मी जुन्या दोन नंबरानं खेळतो.”

ते आयर्न नागपूरला काय करतं, ते आम्हां दोघांनाही माहीत होतं. त्यांनी चारही चेंडू उचलून आणले आणि मोजून पिशवीत टाकले. घड्याळात साडेनऊ झाले होते.

खोलीपासून पहिल्या होलपर्यंत दोनशेदहा पावलं. मी मोजली, कारण दुसरं काहीही मनात आणायचं नव्हतं. इक्बालभाई पेढ्यांचा डबा घेऊन उभे होते. मला येताना पाहून त्यांनी फक्त मान हलवली, अगदी थोडी : नको.

देशमुख साहेब पहिल्या फटक्यासाठी उभे होते. लाल मुठीचा क्लब उंच धरून ते चार मेंबरांना सांगत होते की हा खेळाडूचा क्लब आहे, ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही. चांगला माणूस. मेंबरांच्या दारोदार जाऊन सुधाकरभाऊंसाठी मदत मागितली ती यांनीच. मी दिसले तसे ते खुलले.

“या मॅडम या. पाहा आता, तुमचा क्लब कसा चालवतो ते.”

त्यांनी पट्टी अंथरली, चेंडू ठेवला, वाकले. सगळे गप्प झाले. गोल्फमध्ये कोणी मारायच्या पवित्र्यात असताना बोलत नाहीत. चहाचा कपसुद्धा वाजवत नाहीत. मला हा खेळ आवडायचं खरं कारण तेच होतं. न बोलणं हा जिथे शिष्टाचार मानतात, अशी दुसरी जागा मला माहीत नव्हती. पंधरा-वीस माणसं श्वास धरून उभी होती. मागे खोलीच्या कोपऱ्याशी सुधाकरभाऊ पिशवी खांद्याला लावून उभे होते. देशमुख साहेबांनी क्लब मागे न्यायला सुरुवात केली.

“साहेब, थांबा,” मी म्हटलं. “मारू नका. तो क्लब सुधाकरभाऊंचा आहे. मी पट्टीवर पारख केली आणि त्यांना चुकीचा दिला. तुम्ही हा घेतला तेव्हा तो तुमच्या कामाचा नाही हे मला माहीत होतं, तरी मी गप्प बसले. त्यांची गाडी बाराची आहे. तो मला द्या.”